मधुमेहात किडनी आधी मोठी का होते? ‘ग्रोथ फॅक्टर’च्या शोधाची गोष्ट

गेल्या महिन्यात एक ताई तपासायला आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेह सात वर्षांचा. पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून त्यांनी टेबलावर मांडली, त्यातलं एक बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर, ही मी बंद केलीये. मेडिकलवाला म्हणाला ही बीपीची गोळी आहे. मला बीपी नाहीच, मग कशाला घ्यायची?”

ती गोळी टेल्मिसार्टनची होती आणि प्रश्न अगदी रास्त होता. मी ती लिहून दिली त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती. “किडनीसाठी आहे” एवढंच बोललो आणि पुढचा पेशंट आत बोलावला. चूक माझी. बीपी नसलेल्या माणसाला बीपीची गोळी का द्यायची, याचं खरं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. त्यासाठी जवळजवळ शंभर वर्षं मागं जावं लागतं. त्यांना मी ते थोडक्यात सांगितलं, तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

त्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या ताईंच्या वडिलांनाही मीच तपासत असे. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. १९९७ साली, माझी प्रॅक्टिस नवी असताना, ते पोटदुखीसाठी आले. मधुमेहाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. सोनोग्राफी केली. पोटात काही निघालं नाही, पण रिपोर्टमध्ये दोन्ही किडन्या साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास लिहिल्या होत्या. साधारणपणे प्रौढ माणसाची किडनी नऊ ते बारा सेंटीमीटर असते. क्रिएटिनिन नॉर्मल होतं. मी म्हणालो, “गुरुजी, किडन्या चांगल्या भक्कम आहेत तुमच्या.” तेही खूश होऊन म्हणाले, “म्हणजे सातवीच्या पोरापेक्षा दांडग्या!” आम्ही दोघंही हसलो. लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

साडेचार वर्षांनी ते पायावर सूज घेऊन आले तेव्हा क्रिएटिनिन २.८ होतं.

किडनी खराब होते म्हणजे ती आकसते, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. दुसऱ्या बऱ्याच आजारांत ते खरंही आहे. मधुमेहात मात्र उलटं घडतं. तिथं किडनी आधी वाढते. त्या रिपोर्टमधला आकडा तब्येतीचा दाखला नव्हता, आजाराची पहिली खूण होता.

गाळणी आणि तिच्यात साचलेलं काहीतरी

आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वैद्यकीय भाषेत त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी या गाळण्यांतून गाळलं जातं आणि त्यातलं बहुतेक सगळं पुढच्या नलिका परत शोषून घेतात. आपल्या हाती येते ती दीड-दोन लिटर लघवी. गुच्छातल्या रक्तवाहिन्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या काही पेशी असतात, त्यांना मेसँजियल पेशी म्हणतात. पुढच्या सगळ्या गोष्टीत त्या येणार आहेत.

किडनीच्या आजारात लघवीतून प्रथिन जातं, हे जगाला पटवून दिलं लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी, १८२७ मध्ये. चमच्यात लघवी घ्यायची, खाली मेणबत्ती धरायची. अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका धरला की समजायचं, प्रथिन आहे. पुढची शंभर वर्षं किडनीच्या जवळजवळ प्रत्येक आजाराला ‘ब्राइटचा आजार’ म्हणत आणि मधुमेहाचं वेगळं खातं कुणी उघडलंच नाही. त्यालाही कारण होतं. ज्या मुलांना मधुमेह व्हायचा ती किडनी बिघडण्याइतकी जगतच नसत.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन मिळालं आणि हे चित्र पालटलं. मुलं जगू लागली. पंधरा-वीस वर्षांनी मात्र डॉक्टरांना एक नवीनच आजार दिसायला लागला. साखरेच्या बेशुद्धीतून वाचलेली ही तरुण माणसं आता डोळे आणि किडन्या गमावत होती.

१९३६ मध्ये बोस्टनमध्ये दोघांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. पॉल किमेलस्टील हे हॅम्बुर्गचे, हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून आलेले. क्लिफर्ड विल्सन हे इंग्लंडहून आलेले. त्यांनी आठ मृत रुग्णांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. गाळणीच्या गुच्छांमध्ये काचेसारखे गुळगुळीत गोल गोळे साचलेले दिसत होते. रक्तवाहिन्या त्यांच्या कडेला चेपल्या गेल्या होत्या. त्या आठपैकी बहुतेकांना मधुमेह होता. गंमत अशी की निबंधाच्या शीर्षकात मधुमेहाचा उल्लेखही नाही. हा मधुमेहाचाच ठसा आहे हे इतरांच्या ध्यानात नंतर हळूहळू आलं. आजही किडनीच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला या दोघांची नावं वाचायला मिळतील.

गाळणीत काहीतरी साचतंय हे कळलं. ते कोण आणून टाकतंय हे कळायला आणखी साठ वर्षं लागली.

डेन्मार्कमधली ती बाई

दरम्यान सुगावा लागला तो भलत्याच बाजूनं. १९५३ मध्ये डेन्मार्कचे डॉक्टर पोल्सन यांनी एका मधुमेही बाईची हकीकत छापली. तिच्या डोळ्यांचे पडदे मधुमेहानं बिघडले होते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला आणि मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी जळून गेल्यासारखी निकामी झाली. एरवी ही मोठीच आपत्ती. पण पुढच्या काही वर्षांत तिच्या डोळ्यांतला आजार ओसरला!

पिट्युटरी आणि मधुमेह यांचा संबंध आहे हे अर्जेंटिनाच्या बर्नार्दो हुसाय यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आधीच दाखवलं होतं. त्यासाठी त्यांना १९४७ चं नोबेलही मिळालं. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये लुफ्ट आणि ओलिवेक्रोना यांनी सरळ मधुमेही माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीच शस्त्रक्रियेनं काढायला सुरुवात केली. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण तेव्हा आंधळेपणा आणि मृत्यू समोर उभे असताना डॉक्टरांच्या हाती दुसरं काहीच नव्हतं. काहींची नजर वाचली. पण पिट्युटरी गेली की कॉर्टिसोल, थायरॉइड, लैंगिक संप्रेरकं सगळंच जातं. इन्सुलिनचा डोस थोडा जरी इकडचा तिकडे झाला तर साखर एकदम घसरून माणूस दगावायचा. किडनीला तर फारसा फायदा दिसलाच नाही. पुढं डोळ्यांसाठी लेसर आले आणि ही शस्त्रक्रिया मागं पडली.

प्रश्न मात्र राहिला. पिट्युटरीतून असं काय येत होतं, जे मधुमेहात घात करत होतं? १९७० मध्ये डेन्मार्कच्याच क्नुड लुंडबेक यांनी ठामपणे एकच नाव घेतलं. ग्रोथ हॉर्मोन. वाढीचं संप्रेरक.

शेजारणीला दिलेला निरोप

इथं ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणजे काय ते सांगायला हवं. संप्रेरक हे टपालानं पाठवलेल्या पत्रासारखं असतं. ग्रंथीतून निघतं, रक्तातून फिरतं आणि दूरच्या अवयवाला पोचतं. ग्रोथ फॅक्टर म्हणजे मधल्या भिंतीवरून शेजारणीला दिलेला निरोप. एक पेशी छोटंसं प्रथिन सोडते, शेजारची पेशी ते पकडते आणि त्यानुसार वागते. ‘मोठी हो’, ‘दुभंग’, ‘नवीन रक्तवाहिनी काढ’, ‘जखम भरून काढ’. कधी कधी पेशी स्वतःलाच निरोप देते.

अशा निरोपांचा शोध रिटा लेवी-मोंताल्चिनी या इटालियन बाईंनी लावला. मुसोलिनीच्या ज्यूविरोधी कायद्यांनी विद्यापीठ बंद झालं, तेव्हा त्यांनी तुरीनच्या घरी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम केलं. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुइसला त्यांना चेतातंतू वाढवणारा पहिला ग्रोथ फॅक्टर सापडला. त्यांचे सहकारी स्टॅनली कोहेन यांना तो सापाच्या विषात आणि उंदराच्या लाळग्रंथीत भरपूर मिळाला. त्याच लाळग्रंथीतून दुसराही एक फॅक्टर हाती लागला. तो टोचला की नवजात उंदरांचे डोळे वेळेआधीच उघडायचे. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. सापाचं विष लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

ग्रोथ हॉर्मोन स्वतःचं बरंचसं काम अशाच एका मधल्या निरोप्याकरवी करून घेतं. त्याचं नाव आयजीएफ-१. रचना इन्सुलिनशी इतकी मिळतीजुळती की नावातच ‘इन्सुलिनसारखा’ असा शब्द आहे.

आता पुन्हा किडनीकडे येऊ. १९७३ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस शहरात कार्ल एरिक मोगेन्सन यांनी नुकताच मधुमेह निघालेल्या तरुणांच्या किडन्या एक्स-रेवर मोजल्या. किडन्या मोठ्या होत्या आणि गाळण्याचा वेगही नेहमीपेक्षा जास्त होता. म्हणजे आजाराच्या अगदी सुरुवातीला किडनी मंदावत नाही, उलट जादा काम करत असते. (गुरुजींच्या रिपोर्टच्या चोवीस वर्षं आधी हे छापून आलं होतं. मी वाचलं नव्हतं.) त्याच शहरातल्या पुढच्या पिढीनं उंदरांमध्ये दाखवलं की मधुमेह सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांतच किडनीत आयजीएफ-१ साठतो आणि किडनी वाढायला लागते. तो साठा औषधानं अडवला की वाढही थांबते. १९९१ मध्ये माणसांवरही एक लहान अभ्यास झाला. ऑक्ट्रिओटाइड नावाच्या औषधानं वाढलेली किडनी आणि वाढलेला गाळण्याचा वेग, दोन्ही थोडे खाली आले. पण इंजेक्शन महाग, पोटाचे त्रास वेगळे, आणि आयुष्यभर कोण घेणार?

मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो १९८८ मधला एक प्रयोग. जनुकं बदलून काही उंदीर असे तयार केले होते की त्यांच्या अंगात सतत ग्रोथ हॉर्मोन राहावं, आणि काहींच्या अंगात सतत आयजीएफ-१. दोघांच्याही गाळण्या मोठ्या झाल्या. पण फक्त ग्रोथ हॉर्मोनवाल्यांच्या गाळण्यांत वण धरला आणि त्या निकामी झाल्या. वाढ ही एक गोष्ट आणि वण ही दुसरी, हे इथं स्पष्ट झालं. गाळणी मोठी होते म्हणून काही ती मरत नाही. तिच्यात वणासारखं चिवट भरण साचतं म्हणून मरते. किमेलस्टील-विल्सन यांचे काचेसारखे गोळे म्हणजे तेच भरण.

वण घालणारा निरोप

त्या भरणाचा निरोप्या सापडला कॅन्सरच्या प्रयोगशाळेत. अमेरिकेत १९७८ मध्ये डी लार्को आणि टोडारो यांना कॅन्सर झालेल्या पेशींच्या पाण्यात असं काही मिळालं की जे निरोगी पेशींना कॅन्सरसारखं वागायला लावतं. म्हणून नाव पडलं ‘ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर’. अनिता रॉबर्ट्स आणि मायकेल स्पॉर्न यांच्या गटानं त्यातला एक, टीजीएफ-बीटा, वेगळा काढला तेव्हा सगळे चक्रावले. हा फॅक्टर निरोगी शरीरात जागोजागी होता. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये, वारेत, इतकंच काय गुरांच्या किडनीतही. १९८६ मध्ये त्यांनी तो नवजात उंदरांच्या कातडीखाली टोचला, तर दोन-तीन दिवसांत तिथं जखम भरताना येते तशी गाठ धरली. म्हणजे कॅन्सर हे त्याचं मूळ काम नव्हतंच. त्याचं काम जखम बुजवणं.

तुमच्या गुडघ्यावर लहानपणीचा वण असेल, तर तो या टीजीएफ-बीटाचा उपकार आहे. जखम झाली की प्लेटलेट तो सोडतात, पेशी कोलॅजेन विणतात, भगदाड बुजतं आणि निरोप थांबतो. थांबतो, हे महत्त्वाचं. मधुमेहात किडनीतला निरोप थांबत नाही. साखर रोज वाढलेली, गाळणीवर रोज दाब, मग मेसँजियल पेशींना वाटतं जखम अजून उघडीच आहे. त्या बिचाऱ्या इमानेइतबारे भरण घालत राहतात, आणि त्या भरणाखाली रक्तवाहिन्या बुजतात.

हे सिद्ध करण्यात मोठा वाटा वेन बॉर्डर यांचा. अमेरिकेत यूटा विद्यापीठातले हे किडनीतज्ज्ञ. १९९० मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की किडनीला सूज आणलेल्या उंदरांना टीजीएफ-बीटाविरुद्धची प्रतिपिंडं दिली तर वण धरत नाही. १९९३ मध्ये त्यांच्याच गटानं मधुमेही माणसांच्या आणि उंदरांच्या गाळण्यांत टीजीएफ-बीटा वाढलेला असल्याचं दाखवलं. फिलाडेल्फियात फुआद झियादे आणि कुमार शर्मा यांनी आणखी पुढं पाऊल टाकलं. मेसँजियल पेशींना नुसतं जास्त साखरेत ठेवलं तरी त्या टीजीएफ-बीटा सोडतात. २००० मध्ये त्यांनी मधुमेही उंदरांना आठ आठवडे प्रतिपिंडं दिली, तर गाळण्यांत भरण साचलं नाही आणि किडनीचं कामही टिकलं. एक बारीकसा खडा होता. लघवीतून जाणारं अल्ब्युमिन काही कमी झालं नव्हतं. तेव्हा त्याकडे बहुतेकांनी फार लक्ष दिलं नाही.

आता सापाचं विष. ब्राझीलमध्ये जाराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचं रक्तदाब एकदम कोसळतो. १९६० च्या दशकात सेर्जियो फेरेरा यांनी त्या विषातून एक द्रव्य वेगळं काढलं. त्याच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल ही गोळी जन्मली. अँजिओटेन्सिन नावाचं रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य ती तयारच होऊ देत नाही. ही बीपीची गोळी. १९९३ मध्ये एडमंड लुइस यांच्या गटानं ती टाइप १ मधुमेहाच्या ४०९ रुग्णांवर वापरून पाहिली. सगळ्यांची लघवी प्रथिनानं भरलेली होती. निम्म्यांना कॅप्टोप्रिल, निम्म्यांना नुसती साखरेसारखी गोळी, आणि बीपी दोन्ही गटांत इतर औषधांनी आटोक्यात. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनी बदलणं यांचं प्रमाण कॅप्टोप्रिल गटात निम्म्यावर आलं. बीपीतला फरक जमेस धरूनही हा फायदा उरत होता.

पुढच्याच वर्षी बॉर्डर यांच्या गटानं मेसँजियल पेशींवर प्रयोग करून कारण पुढं आणलं. अँजिओटेन्सिन हा फक्त रक्तवाहिन्या आवळत नाही, तो पेशींना टीजीएफ-बीटा सोडायलाही लावतो! म्हणजे ही गोळी दोन कामं करते. गाळणीच्या आतला दाब उतरवते आणि वण घालणारा निरोपही कमी करते. कुमार शर्मा आणि सहकाऱ्यांनी त्या कॅप्टोप्रिलच्या रुग्णांतल्या काहींचं साठवलेलं रक्त तपासलं. ज्यांच्या रक्तातला टीजीएफ-बीटा जास्त उतरला होता, त्यांची किडनी पुढं चांगली टिकली होती.

२००१ मध्ये याच जातीच्या नव्या औषधाचा टाइप २ मधुमेहात, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांना असतो त्या मधुमेहात, मोठा अभ्यास झाला. इर्बेसार्टन विरुद्ध अम्लोडिपिन, आणि तिसऱ्या गटाला नुसती दिखाऊ गोळी. रुग्ण १७१५. अम्लोडिपिन हीसुद्धा बीपीची उत्तम गोळी आहे, दोन्ही गटांत बीपी जवळपास सारखंच उतरलं. पण किडनी इर्बेसार्टनवाल्यांची जास्त टिकली. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही इर्बेसार्टनचीच भावंडं. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

एक खुलासा. याचा अर्थ प्रत्येक मधुमेह्यानं ही गोळी सुरू करावी असा नाही. बीपी नॉर्मल आणि लघवीत अल्ब्युमिनही नाही, अशांना आधीपासून दिली तर किडनी वाचते का, हे बायोप्सी करकरून पाहिलं गेलं आणि तसा फायदा दिसला नाही. गोळी त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन यायला लागलंय.

मग निरोपच का बंद करत नाही?

तुम्ही म्हणाल, टीजीएफ-बीटा हाच चोर असेल तर थेट त्यालाच धरा ना. धरलं. एका मोठ्या औषध कंपनीनं त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवलं आणि मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या सुमारे ४०० रुग्णांना, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला, दिलं. फायदा होत नाही असं दिसल्यावर अभ्यास मध्येच थांबवण्यात आला. २०१७ मध्ये निकाल छापून आला. उंदरांत इतकं चांगलं चाललेलं औषध माणसांत फसलं.

का फसलं यावर अजून वाद आहेत. एक कारण असं की रुग्ण आधीच अँजिओटेन्सिन अडवणाऱ्या गोळ्यांवर होते, त्यापलीकडे मिळण्यासारखं थोडंच उरलं असेल. दुसरं असं की आजार फार पुढं गेला होता. तिसरं कारण मला जास्त पटतं. टीजीएफ-बीटा हा एकच एक वाईट निरोप नाही. १९९३ मध्ये अशोक कुलकर्णी यांच्या गटानं (आडनाव ओळखीचं वाटलं ना?) अमेरिकेत टीजीएफ-बीटा-१ चं जनुक नसलेले उंदीर तयार केले. ती पिल्लं काही आठवड्यांतच मेली. अंगभर सूज येऊन, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हातून. वण घालणारं हेच द्रव्य सूज शमवतही असतं. तोटी पूर्ण बंद करून चालत नाही.

असाच धडा व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या फॅक्टरनं दिला. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर तो उतू जातो आणि नको तिथं नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्याविरुद्धचं बेव्हासिझुमॅब हे मूळचं कॅन्सरचं इंजेक्शन. आज आपल्याकडेही डोळ्यात त्याचा इवलासा डोस देऊन किती जणांची नजर वाचते आहे. उंदरांच्या किडनीतही तसंच झालं, व्हीईजीएफ अडवल्यावर अल्ब्युमिन कमी झालं. पण कॅन्सरच्या रुग्णांना हेच औषध शिरेतून मोठ्या डोसमध्ये दिल्यावर काहींच्या लघवीत प्रथिन यायला लागलं, बीपी चढलं. गाळणीच्या निरोगी पेशींनाही रोज थोडा व्हीईजीएफ लागतो. जास्त झाला तर बिघाड, कमी झाला तरी बिघाड. आमटीतल्या मिठासारखं.

म्हणून इंटरनेटवर ‘ग्रोथ फॅक्टर देऊन किडनी नवी करू’ असल्या जाहिराती दिसल्या की माझं डोकं उठतं. कुठला फॅक्टर, किती, आणि वाढवायचा की कमी करायचा? पैसे भरण्याआधी एवढं तरी विचारा.

खरी मदत आली ती पुन्हा वाकड्या वाटेनं. सॅन डिएगोमध्ये स्कॉट थॉमसन आणि फोल्कर व्हॅलन यांनी मोगेन्सन यांच्या त्या जुन्या कोड्याकडे उलट बाजूनं पाहिलं. किडनी मोठी होते म्हणजे तिच्यातलं नेमकं काय वाढतं? मुख्यतः नलिका. वाढलेल्या नलिका साखर आणि मीठ जास्त शोषतात, पुढं मीठ कमी पोचतं, किडनीला वाटतं गाळणं कमी पडतंय आणि ती गाळणीवरचा दाब वाढवते. २००१ मध्ये त्यांनी उंदरांत नलिकांची वाढच रोखली, तर जादा गाळणंही कमी झालं. नलिकांतलं साखर शोषणारं दार बंद करणाऱ्या गोळ्या पुढं आल्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. त्यांचा पूर्वज सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये काढलेला! २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनचा ४४०१ रुग्णांवरचा अभ्यास फायदा स्पष्ट दिसल्यानं वेळेआधी थांबवला. किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, आणि हे सगळे रुग्ण आधीच टेल्मिसार्टनसारख्या गोळीवर होते.

आणि साचलेलं भरण परत निघतं का? मिनेसोटामध्ये टाइप १ मधुमेहाच्या आठ जणांना नवीन स्वादुपिंड बसवलं होतं, साखर पूर्ण नॉर्मल झाली होती. पाच वर्षांनी बायोप्सी केली, किडनीत काहीही फरक नव्हता. दहा वर्षांनी पुन्हा केली. गाळण्यांतलं भरण विरघळून गेलं होतं, काही जवळजवळ निरोगी दिसत होत्या. हे १९९८ मध्ये छापून आलं. निरोप थांबल्यावर गवंड्यांनी घातलेली भिंत शरीरानं स्वतःच काढली होती, फक्त दहा वर्षं घेऊन.

गुरुजींना एवढा वेळ मिळाला नाही. २००५ मध्ये डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा एसटीनं जिल्ह्याच्या गावी. सोबत हीच मुलगी असायची. दीड वर्षानं ते गेले.

परवा ताई परत आल्या होत्या. गोळी पुन्हा सुरू केली आहे, जोडीला डापाग्लिफ्लोझिनही. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, जे ३० च्या आत असायला हवं, ते पहिल्यांदा १६० होतं. गोळी बंद करून आल्या तेव्हा १९०. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मी दोन आठवड्यांनी करायला सांगितलंय, कारण गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडंसं वर जातं आणि तेवढ्यानं घाबरून ती बंद करायची नसते. उलट्या-जुलाब लागले, जेवण सुटलं, तर मात्र या दोन्ही गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या असतात. अशा वेळी आधी मला फोन करायचा, मेडिकलवाल्याला नाही.

जाताना त्यांनी सोनोग्राफीचा कागद पुढं केला. “यात लिहिलंय किडन्या मोठ्या आहेत. बाबांच्याही होत्या ना?”

“होत्या,” मी म्हणालो.